गुणाबाईच्या जथ्याचं शेपूट

अंजनाने थैला धुतला तो उंदरांचा वास येत होता म्हणून. दुसरं काहीही तिच्या मनात नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्या थैल्याचा वस्तीत भलताच अर्थ लावला गेला.

झालं असं. शहाऐंशी सालचा जानेवारी होता. बल्लारपूरला रुळांच्या पलीकडे जी वस्ती आहे, तिथला खुशाल पेपर मिलमधून घरी येताना चिवडा घेऊन आला. चिवडा बांधला होता त्या कागदावर अंजनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, आनंदनगरी दिसली. नागपूरला नवीनच उघडली होती. अर्धं पान जाहिरात! आभाळाला टेकलेला पाळणा, पोरांची छोटी रेल्वे, तळ्यात बदकांच्या आकाराच्या होड्या, भुतांचं घर, आणि खाली ठळक अक्षरात ‘सहकुटुंब या!’ अंजना सातवी पास होती. तिने ते दोन शब्द दोनदा वाचले, चिवडा ताटलीत ओतला, कागदावरचं तेल पदराने टिपलं आणि कागद नवऱ्यापुढे धरला.

“अजी, इथी जाचं मले. तुमी, मी अन् पोर्णी. बस.”

“अन् माय?”

“आत्याबाईले इचारू ना. पण त्या कायले बसतीन पाळण्यात?”

खुशाल स्वभावाने गरीब. त्याने कागद बघितला, लेकीकडे बघितलं, आणि “हाव, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी जाऊ” म्हणून मोकळा झाला.

आता तुम्ही म्हणाल, एका पाळण्यासाठी बाईचा जीव एवढा का अडकावा? तर अडकला होता खरा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत अंजना कुठे गेलीच नव्हती असं नाही. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जात होती, लग्नाकार्याला राजुऱ्याला, चंद्रपूरला जात होती. पण जायचं म्हणजे अख्ख्या वस्तीने जायचं. गाडीत बायका एकीकडे, गडी एकीकडे. नवऱ्याच्या शेजारी ती आजवर एकाही गाडीत बसली नव्हती. घरात खोली एकच. मध्ये पोर, पलीकडे सासू. दिवसाउजेडी, मोकळ्या जागी, नवऱ्याशी घटकाभर बोलत बसावं, एवढीच तिची इच्छा. कुणाला सांगितली तर हसं होईल म्हणून नऊ वर्षं तिने ती गिळून ठेवली होती. आता ती चिवड्याच्या कागदावर छापून आली, मग कशी गिळणार?

सासू म्हणजे गुणाबाई. दिसायला मूठभर, पण सत्तावन्न सालापासून वस्तीचा जथा नागपूरला न्यायचा तो तिनेच. लाखोंच्या गर्दीत पन्नास-साठ माणसं घेऊन शिरायचं आणि तेवढीच मोजून परत आणायची, हे काय खायचं काम आहे? इतक्या वर्षांत तिने माणूस तर सोडाच, कुणाची चप्पल हरवू दिली नव्हती. अक्षराशी ओळख नाही, हातात घड्याळ नाही, सगळं डोक्यात. बल्लारशाह स्टेशनवरचा गार्डसुद्धा आधी गुणाबाईकडे बघतो आणि मग शिट्टी फुंकतो, असं वस्तीतले लोक सांगत. थोडं वाढवून सांगत असतील, पण फार नाही.

सासूने आनंदनगरीचं ऐकून घेतलं आणि “जा नं बाप्पा, कोण नाई म्हणते” एवढंच म्हणाली. अंजनाच्या पायांना पंखच फुटले. उत्साहाच्या भरात तिने घरातला मोठा निळा थैला आढ्यावरून काढला, नाकाला लावला, ‘शी!’ केलं, सोड्याच्या पाण्यात खळखळून धुतला आणि कुंपणावर वाळत घातला.

चूक झाली ती इथेच. तो थैला दसऱ्याखेरीज आढ्यावरून खाली येत नसे. तो कुंपणावर दिसला, की जथा निघाला, असं वस्तीत लहान पोरालाही ठाऊक. दवंडी नको, की निरोप नको. मग ज्याला यायचं त्याने घरातून शेरभर पीठ आणून गुणाबाईच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ओतायचं. पीठ दिलं म्हणजे नाव लागलं. सगळ्यांचं पीठ एकत्र, भाकरी एकत्र, खाणं एकत्र. ही रीत अंजनाला नऊ वर्षांपासून ठाऊक होती, पण स्वतःच्या सुखात माणसाला असली रीत आठवते का?

सकाळी दारात सुगंधाबाई उभी. शेजारचीच. हातातल्या सुपात पीठ.

“कितीची गाडी हाये, अंजने?”

“कोनती गाडी?”

“घ्या! मलेच बनवून राह्यली. थैला काय मी वाळू घातला? मी इसरूच्या बापाले रातीच सांगतलं, बाप्पा, गुणाबाई या वक्ताले जानेवारीतच काढून राह्यली जथा. कुठी जाचं हाये, ते सांग फक्त.”

अंजनाने कुंपणावरच्या थैल्याकडे बघितलं. तेवढ्यात तिची सात वर्षांची पोर्णी आतून ओरडली, “आनंदनगरी! मोठा झुला हाये तिथी!” झालं. सुगंधाबाईने पीठ गंजात ओतलं आणि ती बातमी घेऊन जी सुटली, ती चार घरं फिरूनच थांबली. दुपारपर्यंत देवाजी आला, रेल्वेतून रिटायर झालेला, वस्तीतला सगळ्यात मोठा माणूस. लच्छू आणि त्याची बायको आली. दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू असलेली बायनाबाई भिंत धरत धरत आली आणि तिच्या ओच्यातलं पीठ काढून घ्यायला अंजनालाच हात पुढे करावा लागला. संध्याकाळी गंज गळ्यापर्यंत भरला होता.

खुशालने गंज बघितला. “अरे बाप रे!” म्हणाला, आणि ड्युटीची वेळ अर्धा तास लांब असताना सायकल काढून पसार झाला.

अंजनाचा राग असा काही उसळला, की विचारू नका. ती सासूपुढे जाऊन उभी राहिली. “आत्याबाई, तुमी सांगा ना सगळ्याईले. म्हना, हे आमच्या घरचं जानं हाये.”

“थैला कोनं वाळू घातला?”

“मी.”

“मंग तूच सांग. मी मंधात पडत नाई.” गुणाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता पुढे म्हणाली, “पीठ घेऊन जा ज्याचं त्याचं. पण एक आयकून घे. राजुऱ्याकडं माहं माहेर. मी पोर्णीएवढी होती. गावात जेवनावळ होती, घरोघरून पीठ जमा करून राह्यले होते. माह्या मायनं चांगलं चाळून, सोवळ्याहून सोवळं असं दुरडीभर पीठ नेलं. वेशीवरूनच वापस पाठवलं त्याईनं. तुमचं पीठ चालत नाई म्हणे. माय ते वापस घेऊन येताना मी तिच्या संगं होती. वस्तीची जी रीत हाये नं, शेर शेर पिठाची, ते छप्पन सालानंतर आमी मुद्दाम लावली. या गंजातून आजवर कोनाचं पीठ वापस गेलं नाई. आता तू पाह्य बाई तुह्या मनानं.”

अंजनाने ऐकून घेतलं. पण म्हणून ती विरघळली असंही नाही. तिने तणतणत सुपात शेरभर पीठ काढलं आणि पहिल्यांदा बायनाबाईकडे गेली. मनात वाक्य पाठ करत होती: बुढी माय, या वक्ताले फक्त आमी तिघंच जाऊन राह्यलो. दारात पोचली तर म्हातारी अंगणात उन्हाला बसून पायाच्या भेगांना तेल लावत होती. “कोन, अंजना? बरं झालं आली. चालाचं लय हाये का वो तिथी? आतापासून पाय नीट करून ठेवते. मले दिसत नाई, पन झुल्यात बसलं का पोटात कसं होते, ते तर समजते नं?” अंजनाने सूप पदराआड लपवलं, “लय नाई चालाचं” म्हणाली आणि परत फिरली. वाटेत दोघा-तिघांनी गाठलं. पीठ परत करायला गेलेली बाई चार नवी नावं घेऊन घरी आली.

एकूण अठ्ठावीस माणसं झाली. अंगावरची लेकरं वेगळी.

आणि मग गुणाबाई कामाला लागली. खोटं कशाला बोलावं, अंजनाचा राग तसाच होता, पण सासूचं ते काम बघताना तिचं तोंड उघडं पडायचं. पहिल्यांदा सुगंधाबाईच्या इसरूला बोलावणं गेलं. इसरू मिलचा ट्रक घेऊन नागपूरला जायचा, त्याने आनंदनगरी बाहेरून बघितली होती. तो आपला खुशीत पाळण्याचं वर्णन करायला लागला. गुणाबाईने हात वर केला.

“पाळना राहू दे. पानी कुठी हाये?”

“पानी... असंन कुठी तरी.”

“सावली?”

“ते नाई पाह्यली, मोठी माय.”

“बायाईनं लघवीले कुठी जाचं? आत जाचं दार कोनतं, बाहीर याचं कोनतं? दोन दारं असली तर अर्धे इकडून निंगतीन अन् अर्धे तिकडून. मंग काय करशीन?”

इसरूचा चेहरा पडला. “पुढच्या फेरीत नीट पाहून ये,” गुणाबाई म्हणाली. आणि खरंच, पुढच्या आठवड्यात तो पठ्ठ्या ट्रक बाहेर लावून, तिकीट काढून आत जाऊन आला. पाळण्यात बसायचंही त्याला सुचलं नाही, नुसते नळ आणि झाडं मोजून आला.

त्यावर विहाराच्या पटांगणात चुन्याने आनंदनगरी उभी राहिली. इथे फाटक, इथे तळं, इथे रेल्वे, या विटा म्हणजे नळ, ही टोपली म्हणजे मोठं कडुनिंबाचं झाड. हरवलेल्याने दुसरीकडे कुठेही न जाता त्या झाडाखाली येऊन बसायचं. संध्याकाळी मिल सुटली की सगळी वस्ती त्या चुन्याच्या रेघांमधून फिरायची. लच्छूच्या बायकोला पाचवा महिना होता, तिने पाळण्यात बसायचं नाही, पण म्हणून खाली एकटी उभी राहायची नाही. तिच्याजवळ कोण थांबणार ते ठरलं. देवाजीला उंचावर चक्कर येते, ते तो कबूल करत नव्हता. गुणाबाईने त्याला विहाराच्या ओट्यावर उभं करून गरागरा दोनदा फिरवलं, आणि तिसऱ्यांदा तो स्वतःच “मी होडीत बसतो” म्हणाला. हसून हसून सगळ्यांच्या पोटात दुखलं. अंजनाही हसली. ही बाई शाळेत गेली असती तर काय झाली असती, असं तिच्या मनात आलं आणि तिला सासूचा अभिमानच वाटला. मग आपल्याला राग आला आहे हे आठवून तिने चेहरा पुन्हा ओढून घेतला.

राग जाण्यासारखं काही घडलंही नव्हतं. गुणाबाईच्या जथ्यात जोड्या असतात. म्हाताऱ्याबरोबर तरणा, वाचता न येणाऱ्याबरोबर वाचता येणारा. घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत जोडीदाराचा हात सोडायचा नाही. अंजनाला वाचता येतं, म्हणून तिच्या हातात बायनाबाई येणार, हे सांगायला नकोच होतं. खुशालला देवाजी मिळणार. म्हणजे आनंदनगरीत नवरा असणार, पाळणा असणार, आणि ती असणार. तिघं तीन ठिकाणी.

शेवटी शुक्रवारी ती फुटलीच. चुलीपुढे दोघीच होत्या.

“आत्याबाई, तुमाले राग आला तर येऊ द्या. मले काही जगावेगळं नाई पाह्यजे. नऊ वर्सं झाली. मले माह्या नवऱ्याच्या बाजूनं बसून एकदा कुठी तरी जाचं होतं. तेवढंबी तुमच्या त्या जोड्याईत बसत नाई. सगळ्याईचं बसते, बुढी मायचं बसते, लच्छूच्या बायकोचं बसते. माहंच नाई बसत. तुमाले काय समजंन म्हना!”

बोलून गेली आणि तिला वाटलं, भुईने पोटात घ्यावं. सासूला असं बोलायचं? तेही विधवा सासूला? गुणाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“दाळ लागून राह्यली,” ती म्हणाली. “पाह्य.”

शनिवारी दुपारी पटांगणात सगळे जमले आणि गुणाबाई जोड्या सांगायला लागली. बायनाबाईच्या जोडीला इसरू, कारण त्याला जागा ठाऊक. देवाजीच्या जोडीला लच्छू. पोर्णीला तिने स्वतःच्या हाताशी ठेवलं. अंजना बोटांवर जोड्या मोजायला लागली. बाराव्या, तेराव्या जोडीचं नाव झालं. आता दोघंच उरली.

“अन् शेपूट,” गुणाबाई म्हणाली. “शेपूट खुशाल अन् अंजना.”

तरणी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. शेपूट म्हणजे काय?

“शेपूट म्हणजे मागं राहनारी जोडी,” गुणाबाईने समजावलं. “आपली गाडी सकाळी सहाची. कोनी झोपून राह्यलं, कोनाचं काही राह्यलं, तर त्याच्यासाठी टेशनावर कोनी तरी पाह्यजे. शेपटानं सहाच्या गाडीत बसाचं नाई. टेशनावर थांबाचं अन् नऊच्या गाडीनं, मागं कोनी राह्यलं असंन तर त्याले घेऊन याचं.”

देवाजीने मान वर केली. “अकरा वर्सं झाली, शेपूट बंद होतं नं गुणाबाई?”

“या वक्ताले नवी जागा हाये,” गुणाबाई म्हणाली. “शेपूट लागते.”

अंजनाला रडूच फुटायचं बाकी होतं. बदला! काल बोलली त्याचा हा बदला! सगळ्यांनी सकाळी दहा-अकरालाच आनंदनगरीत शिरायचं, आणि जिच्यामुळे हे सगळं निघालं तिने तीन तास प्लॅटफॉर्मवर माश्या मारायच्या. पाळण्यात बसायची वेळ येईपर्यंत परतीची गाडी. पण चार लोकांत काय बोलणार? मनातल्या मनात तिने सासूला इतकं काही म्हणून घेतलं, की ते इथे लिहिता यायचं नाही. खुशाल मात्र नेहमीप्रमाणे “हाव माय” म्हणाला, त्यामुळे त्यालाही थोडं म्हणून घेतलं.

रविवारी पहाटे सगळी वस्ती स्टेशनवर. पोरांचे भांग पाडलेले, म्हाताऱ्यांनी फेट्यांची घडी मोडलेली, बायकांच्या केसांत शेवंती. गाडी लागली. गुणाबाई डब्याच्या दाराशी उभी राहून एकेक जोडी खांद्यावर थापटी मारून वर चढवत होती. गर्दीचा डबा, पण कुणाची ढकलाढकली नाही, कुणाचा आरडाओरडा नाही. बारा जोड्या पाच मिनिटांत आत. अंजना बाजूला तोंड फिरवून उभी होती, तरी तिचं लक्ष तिथेच. हे असं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हे रागातही तिला मान्य करावं लागलं.

सगळ्यांत शेवटी गुणाबाई पोर्णीला घेऊन चढली. सुनेकडे तिने बघितलंही नाही. फक्त खुशालच्या हातात फडक्यात बांधलेल्या चार भाकरी दिल्या आणि आत गेली.

गाडी हलली. खिडकीतून देवाजीने डोकं बाहेर काढलं. म्हातारा भलताच रंगात होता.

“ए अंजना! तोंड काऊन पाडून उभी हायेस? शेपूट म्हणजे मानाचं काम हाये, बाई! तुह्या सासऱ्यानं अन् सासूनं अठरा वर्सं केलं. दर दसऱ्याले आमी सहाच्या गाडीनं अन् ते दोघं नऊच्या. तुहा सासरा गेला अन् तिनं शेपूटच बंद करून टाकलं.” गाडीने वेग घेतला तसा त्याचा आवाज चढला. “अन् सांगू का! त्या अठरा वर्सांत एकही मानूस गाडी चुकला नाई! एकही नाई!”

शेवटचा डबा गेला. प्लॅटफॉर्म रिकामा झाला. अंजना जागच्या जागी उभी होती. अठरा वर्षं. एका खोलीच्या घरातली, जोड्या लावणारी, मूठभर गुणाबाई, आणि तिने कधी न बघितलेला सासरा. याच बाकावर बसत असतील का? काय बोलत असतील? अख्खी वस्ती समोरून निघून जायची, आणि ही दोघं मागे का राहिली, असं कुणी कधी विचारलं नाही. कारण काम होतं ते, जबाबदारीचं. ‘तुमाले काय समजंन,’ असं आपण म्हणालो. त्या बाईला म्हणालो!

खुशाल बाकावर बसला होता. फडक्याची गाठ सोडत त्याने विचारलं, “आता नऊ वाजेपर्यंत काय कराचं?”

“बसाचं,” अंजना म्हणाली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

“अवो, काऊन रडून राह्यली? जाऊ नं आपनबी. पाळना काय पळून चालला का?”

“पाळन्याले आग लागो.” तिने पदराने तोंड पुसलं. मग शेपटाचं काम म्हणून तिने प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघून घेतलं. वस्तीतलं कुणीही मागे राहिलं नव्हतं. ती नवऱ्याच्या बाजूला, अगदी खेटून बसली.